बठ्ठं दुखस

ध्यानवर्गाला माणसं देव भेटावा म्हणून येतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. इतकी वर्षं वर्ग घेतल्यावर मी सांगते, देवासाठी आलेला माणूस मला क्वचितच भेटला. कुणाला डॉक्टरांनी बीपीसाठी पाठवलेलं असतं, कुणाला सुनेपासून तासभर सुटका हवी असते, कुणाची सासू घरात असते. चोपड्याच्या माझ्या वर्गात हिराअक्का आल्या, त्या जमिनीवरून आपलं आपण उठता यावं म्हणून. त्यांना गावी परत जाऊन राहायचं होतं आणि ते सगळं या एका उठण्यापाशी अडलेलं होतं. गंमत म्हणजे ज्या बाईनं त्यांना बसायला आणि उठायला शिकवायचं, तिला, म्हणजे मला, हे पुष्कळ उशिरा कळलं. दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा असा निरोप आला, तेव्हा आधी अक्काच डोळ्यांसमोर आल्या.

मी मूळची सांगलीकडची. यजमान भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला, म्हणून लग्नानंतर थेट खानदेशात येऊन पडले. उन्हाळ्यात तिथल्या ओट्यावर पापड वाळवताना आपणही वाळत असतो, हे मला पहिल्याच वैशाखात समजलं. कॉलनीत वेळ जाईना म्हणून योग शिकले, शिकता शिकता शिकवायला लागले आणि पुढे फक्त ध्यानाचा वर्ग घेऊ लागले. लोक हसायचे. "यात शिकवायचं काय? डोळे मिटायचे नि गप्प बसायचं!" मी म्हणायची, त्यातलं बसायचं मी शिकवते, गप्प तुमचं तुम्ही राहा.

खरोखर माझा धंदा तेवढाच आहे. माणसाला बसवणं. ध्यानात मन कुठे जातं यावर ग्रंथ भरलेत, पण गुडघा ठणकायला लागला की मन कुठेही जात नाही, गुडघ्यातच जाऊन बसतं. म्हणून आधी बैठक. कुल्ल्यांखाली दोन हाडं असतात, त्यांच्यावर बसायचं. बूड गुडघ्यांपेक्षा थोडं उंच हवं, मग कंबर आपोआप उभी राहते आणि पाठ तिच्यावर. डोकं पाठीवर ठेवलेलं हवं, पुढे लोंबणारं नको. हात मांडीवर सोडलेले. एवढं जमलं तर शरीर तुम्हाला हाका मारायचं थांबतं.

सांगायला हे सोपं आहे, पण आपल्याकडे एक अडचण आहे. "ताठ बसा" म्हटलं की माणसं फोटो काढायला बसल्यासारखी छाती फुगवतात, श्वास कोंडतात आणि मिनिटाभरात लाल होतात. पहिली काही वर्षं मीही ताठ, ताठ असंच ओरडायची. नंतर तो शब्द टाकला आणि "नीट बसा" म्हणायला लागले. नीट म्हटलं की माणूस जरा विचार करतो.

दीपनगरच्या वर्गात महाजनभाऊ नावाचे एक ऑपरेटर होते. काय त्यांची बैठक! वळणदार, स्थिर, मान कशी अलगद. नवीन कुणी आलं की मी त्यांच्याकडे बोट दाखवायची, "असं बसायचं." ते इतके खोल जायचे की वर्ग संपल्यावर हाका मारून उठवावं लागे. एकदा शेजारच्या वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, ते घोरतात हो." मी जवळ जाऊन कान दिला. खरंच, बारीक, एका लयीत. रात्रपाळीत बॉसला न कळता झोपण्याची विद्या होती ती, वर्षानुवर्षं घोटलेली. मी विचारलं तर भाऊ शांतपणे म्हणाले, "मॅडम, घरी आडवं झालो का झोप लागत नाही. इथं नीट लागते." त्यांना वर्गातून काढायचं कशाला? मी त्यांना मागच्या रांगेत, भिंतीशी जागा दिली. पण त्या दिवसापासून एक शिकले, की बैठक म्हणजे ध्यान नव्हे. बैठक म्हणजे दार. आत कोण येतंय, झोप येते की आणखी काही, ते आपल्या हातात नाही.

यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही त्यांच्या मूळ गावी, चोपड्याला आलो. तिथे मंदिराच्या मागचं सभागृह सकाळी रिकामं असे, ते मला विनामूल्य मिळालं. बसायला गाद्या हव्या होत्या, म्हणून बाजारातल्या सलीमभाईंकडे गेले. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजून गाद्या भरण्याचं काम. मी नुसतं "लहान गाद्या, बसायला" म्हणाले. त्यांनी नव्या कापसाच्या अशा मऊ, फुगीर गाद्या दिल्या की पहिल्या दिवशी सगळा वर्ग त्यात बुडाला. बूड खाली, गुडघे वर, पाठी वाकलेल्या. परत घेऊन गेले तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगितलं नाही ना, किती वेळ बसायचं ते. पाहुणा बसतो तशी भरली." मग माझ्या सांगण्याप्रमाणे जुनी रुई पुन्हा पिंजून, ठासून ठासून भरली. मी बसून दाखवलं, त्यांनी वाकून पाहिलं, कापूस कमी-जास्त केला. "आम्ही पण दिवसातून पाच वेळा बसतो मॅडम," ते हसत म्हणाले, "गुडघ्याचं दुःख आम्हाला नका सांगू." त्या गाद्या अजून वापरात आहेत. मला त्यांचा अभिमान आहे आणि त्यातला निम्मा सलीमभाईंचा.

आता अक्का.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी त्यांचा मुलगा त्यांना मोटारसायकलवरून सोडून गेला. मुलगा अरुण, चोपड्यातल्या शाळेत शिक्षक, पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, स्वभावानं गरीब. अक्का सत्तरीच्या पुढच्या. नऊवारी, कपाळ मोकळं, हातावर गोंदण. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात जन्म गेलेला. पावसाच्या भरवशावरची थोडी जमीन, आणि मोहाची फुलं, डिंक, चारोळी असं जंगल देईल ते. त्या दारातच उभ्या राहून खाली पसरलेल्या गाद्यांकडे बघत होत्या. कुणी खुर्ची आणून दिली तर त्यांनी खुर्चीकडे असं पाहिलं की आणणारी ती उचलून परत घेऊन गेली.

मी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. बसताना त्या शेवटची वीतभर सरळ आदळल्याच. पाठ धनुष्यासारखी, हनुवटी छातीला. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "अक्का, कुठे दुखतं?"

"बाई, बठ्ठं दुखस."

आता माझा घोळ ऐका. मी दीपनगरला इतकी वर्षं राहिले, पण कॉलनीत अहिराणी फारशी कानावर पडली नव्हती आणि यजमान घरी पुस्तकी मराठीच बोलत. भुसावळकडची बोली वेगळी, चोपड्याकडची वेगळी. बसण्याला इथे 'बठनं' म्हणतात एवढं मला नुकतंच कळलेलं होतं. त्यामुळे मी ऐकलं ते असं: बसलं की दुखतं. माझ्या धंद्यातलं दुखणं! मला तर उत्साहच आला.

मी त्यांची गादी बदलली. दोन दिवसांनी विचारलं, "आता कसं, अक्का?" "बठ्ठं दुखस." मी गादीवर गादी ठेवली. गुडघ्यांखाली घडी केलेल्या चादरी लावल्या. "आता?" "बठ्ठंच दुखस, बाई." मी तिसरी गादी घातली, मागे भिंत दिली, भिंतीला लोड. अक्का काही तक्रार करत नसत. मी जे देईन त्यावर निमूट चढून बसत. होता होता, इकडची कानबाई देवी चौरंगावर मांडावी तशा त्या सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसल्या, आणि वर्गातल्या मंगलाताईंना हसू आवरेना. त्या तिथल्याच. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही काय त्यांना माळ्यावर चढवता का? बठ्ठं म्हणजे सगळं. त्या सांगतात, सगळंच दुखतं म्हणून!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. अक्कासुद्धा तिथे वर बसल्या बसल्या हसल्या, पदर तोंडाला लावून. मग मी त्यांना हात देऊन उतरवलं, वर्ग संपल्यावर थांबवून घेतलं आणि जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. सगळं म्हणजे काय?

"मना मालक गयात," अक्का म्हणाल्या. "मंग मी न्हाणीमा पडनी. सकायले पडनी, ते दुपारलोंग उठताच नही उनं. शेजारीन ताक लई उनी, तैन्हा तिले दिखनी मी. मंग पोऱ्यानी इकडे आनं."

इकडे म्हणजे अरुणच्या घरी. घर चांगलं, सून चांगली. कुणी काम करू देत नव्हतं. सकाळी चहा खुर्चीत, जेवण खुर्चीत, टीव्ही खुर्चीत. "दिनभर खुर्चीवर बठी राहस मी. बाई, मी काय पाव्हनी शे का?" आयुष्यभर जमिनीशी काम केलेलं ते शरीर. चुलीपुढे, मोहाच्या फुलांपुढे, कापूस वेचताना वाकून. वर्षभर खुर्चीत बसवल्यावर ते उठायचंच विसरलं होतं. अक्कांनी गावी जाण्याचा हट्ट धरला, तेव्हा अरुणनं एक अट घातली होती: खाली बसून, हात न टेकता, एकटीनं उठून दाखव. जमलं त्या दिवशी तुला गाडीत बसवून देईन.

मला त्या माणसाचा राग आला नाही. ज्याची आई अर्धा दिवस न्हाणीत पडून राहिली, त्यानं दुसरं काय म्हणावं?

"घरमा बठ्ठ्या खुर्च्याच शेतस," अक्का म्हणाल्या. "लोके खाल बठतस अशी ही एकच जागा दिखनी." होळीनंतर मोह पडायला लागतो. त्याआधी त्यांना आपल्या घरी जायचं होतं. ध्यानाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या सगळ्या गाद्या काढल्या आणि एकच ठेवली. आम्ही दोघी वर्गाच्या आधी येऊ लागलो. उठायचं कसं, ते मी त्यांना बसण्यातूनच शिकवलं, कारण नीट उठणं हे नीट बसण्यातूनच येतं. जो माणूस पाठ मोडून बसतो त्याचा सगळा भार मागे असतो, त्याला उठताना काहीतरी धरून ओढावं लागतं. कंबर उभी असली की भार पायांवर घेता येतो. पाय जवळ घ्यायचे, नाक गुडघ्यांच्या पुढे न्यायचं, श्वास सोडायचा आणि उठायचं. अक्का आधी भिंत धरून उठल्या, मग माझं बोट धरून. कधी मध्येच बुडावर परत बसत आणि स्वतःलाच एक ठेवणीतली शिवी देत. देवळामागच्या सभागृहात ती शिवी घुमायची. पुजारी खोकायचे.

वर्ग सुरू झाला की मात्र त्या बाकीच्यांबरोबर बसत. फक्त डोळे मिटत नसत. सगळे डोळे मिटून, आणि अक्का मध्ये टक्क उघडे डोळे ठेवून एकेकाचं तोंड बघत बसलेल्या. मी एकदा हळूच म्हटलं, "अक्का, डोळे मिटा की."

"डोया झाकात का मालक दिखतस," त्या म्हणाल्या. "मंग माले रडू येस. मंग मी अशी पडस." आणि त्यांनी खांदे पुढे टाकून, पाठ मोडून दाखवली. आल्या दिवशी बसल्या होत्या, अगदी तशी. मी पुन्हा आग्रह केला नाही.

माघ संपत आला तशी त्यांची पाठ सुधारली. हे मी कुणाला खोटं वाटेल म्हणून सांगत नसे, पण म्हातारी पाठसुद्धा ऐकते, तिला फक्त रोज सांगावं लागतं. एका सकाळी मी सगळ्यांवरून नजर फिरवत होते. अक्कांनी डोळे मिटले होते. कुणी सांगितलं नव्हतं. मी श्वास धरून बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं, हनुवटीवरून पदरावर ठिपकायला लागलं. मी वाट बघत होते, आता खांदे पडतील, आता पाठ जाईल. रडणाऱ्या माणसाची पाठ आधी जाते, हे मी इतक्या वर्षांत किती वेळा पाहिलंय. त्यांची गेली नाही. त्या तशाच नीट बसून पोटभर रडल्या. वर्ग संपल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आज बराच टाइम बठनात त्या मनासंगे."

त्या म्हणजे त्यांचे मालक; मनासंगे म्हणजे माझ्यासोबत.

बैठकीचं काम काय, असं मला आजवर अनेकांनी विचारलंय आणि मी कण्यापासून श्वासापर्यंत मोठमोठी उत्तरं दिली आहेत. आता एवढंच सांगते. आतून जे येईल ते येऊ द्यावं आणि आपण कोसळू नये, त्यासाठी पाठ. मला हे त्या दिवशी फार आनंदानं कळलं. घरी जाऊन मी यजमानांना सांगितलं, तर ते पेपर बाजूला न करता म्हणाले, "मग मला कशाला रोज ताठ बस म्हणतेस? मी कुठे रडतोय?" त्यांना मी कधीच बसवू शकले नाही. एवढं एक अपयश आहे माझ्या पदरी, ते मी गोड मानून घेतलं आहे.

होळीच्या आदल्या रविवारी अक्कांनी अरुणमास्तरांना वर्गात बोलावून घेतलं. ते शर्ट-पँटमध्ये, चप्पल दाराशी काढून, विद्यार्थ्याचा पालक येतो तसे अवघडून आले. वर्ग संपला होता, पण मंगलाताई आणि इतर बाया सतरंज्या झटकायच्या निमित्तानं थांबल्या होत्या.

"बठू का?" अक्कांनी विचारलं.

"बस आई."

अक्का बसल्या. आदळल्या नाहीत. दोन श्वास शांत बसल्या. मग पाय जवळ घेतले, हात छातीशी धरले, पुढे झुकल्या आणि उठल्या. मध्ये एकदा गुडघा थरथरला, मंगलाताईंनी "अगं बाई" म्हटलं, पण अक्का उभ्या राहिल्या. पूर्ण उभ्या. बायांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तर म्हणाले, "पुन्हा एकदा."

अक्का पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. या वेळी गुडघाही थरथरला नाही.

मला वाटलं, आता ते हसतील, पाया पडतील. मास्तर आईसमोरच्या गादीवर मटकन खाली बसले, चष्मा काढला आणि डोळे पुसायला लागले. पाठ पार मोडलेली.

"काय व्हयनं रे?" अक्का घाबरून म्हणाल्या.

"काही नाही," मास्तर म्हणाले. मग खाली बघत, शहरातली भाषा सोडून म्हणाले, "माये, आते तुले ठेवी लेवाले मनाजोडे काहीच उरनं नही."

आई, तुला ठेवून घ्यायला आता माझ्याकडे काही उरलं नाही. सतरंज्या झटकायच्या थांबल्या. त्या अटीमागे नुसती न्हाणीची भीती नव्हती, हे तेव्हा आम्हा सगळ्यांनाच एकदम कळलं, आणि अक्कांना तर कळलंच. त्या मुलाकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, झालं, आता राहतात या इथेच. कुठल्याही आईची पाठ तिथे मोडली असती.

अक्का पुढे झाल्या, त्यांनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. "ठेवीसन काय करशी रे? येत जाय ना तू. शनवारले शाया सुटनी का येत जाय."

मास्तरांनी मान हलवली, चष्मा घातला आणि उठायला गेले. उठता येईना. एक हात गादीवर टेकला, दुसरा हवेत काहीतरी धरायला शोधत राहिला. अक्कांनी पाय रोवले, तो हात धरला आणि मुलाला उभं केलं.

"येत जाय," त्या म्हणाल्या. "पन तठे खुर्ची नही शे. आधी बठानं शिक."

सोमवारी अक्का गावी गेल्या. मंगळवारी सकाळी मी सभागृह उघडायला आले, तर पायरीवर अरुणमास्तर माझी वाट बघत बसले होते.